कॅनॉलच्या कडेनं

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि 156 वर 98 असा आकडा सांगितला, तेव्हा मला धक्का वगैरे बसला नाही. आमच्याकडे दाबाचं, हृदयाचं दुखणं चालतच आलंय. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम असायची; छातीत दाटलं की एक गोळी जिभेखाली. आजोबा तर बसल्या जागी गेले. ‘रक्तातच आहे आपल्या,’ असं आई म्हणायची आणि विषय तिथेच मिटायचा. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि वर सांगितलं, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला.

श्रीरामपुरात माझं खतांचं दुकान आहे. सकाळी नऊला खुर्चीत बसतो तो रात्री आठला उठतो. चालायला लागलो ते कॅनॉलच्या कडेनं. भंडारदऱ्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून आमच्याकडे येतं, तो हा प्रवरेचा डावा कालवा. पहिले आठ दिवस पोटऱ्यांत गोळे यायचे, दम लागायचा आणि डोक्यात एकच घोळ चालायचा: चालतायत पाय, मग दंडातला दाब कशानं उतरणार? आणि जे रक्तातच आहे, ते चालून जाणार कुठे?

पुतणी डॉक्टरकी शिकते. संक्रांतीला घरी आली तेव्हा तिला हे विचारलं. बोलण्याआधी तिनं बीपीचं मशिन काढलं, पट्टा माझ्या दंडाला बांधला, फुगा दाबून हवा भरली आणि तसाच आवळून ठेवला. ती घड्याळाकडे बघत बसली. माझा तळहात पांढरा पडत गेला, मग बोटांना मुंग्या आल्या. आता सोड म्हणणार, तेवढ्यात तिनं हवा सोडली. दंडापासून खाली ऊन ऊन काहीतरी धावलं आणि तळवा बघता बघता लालबुंद झाला.

‘नाना, हे धावलं ना, ते धमनीच्या आतल्या अस्तराला घासत गेलं. त्या घासण्यावरून अस्तराला प्रवाह वाढल्याचं कळतं. मग ते एक वायू सोडतं आणि धमनी सैल पडते. खऱ्या तपासणीत पट्टा 5 मिनिटं ठेवतात आणि धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीवर मोजतात. तुम्ही एकट्यानं हे करायचं नाही.’

ते अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाला सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांत दिसलं, की आतलं अस्तर खरवडून गेलं असेल तर औषध घालूनही धमनी सैल होत नाही. अस्तर शाबूत असेल तरच होते. पुढे कळलं, अस्तर सोडतं तो वायू नायट्रिक ऑक्साइड. या शोधासाठी 1998 चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. पुतणी पुढचं वाक्य सहज बोलून गेली आणि मी सुन्न झालो: सॉर्बिट्रेटच्या गोळीतूनही शरीरात हाच वायू तयार होतो. वडील जन्मभर खिशात बाळगत होते ते हेच!

‘अगं, पण रक्तातच असेल तर?’

‘जनुकं तीच राहतात, नाना. ती किती वाचली जायची, ते बदलतं.’ चालताना सगळ्या अंगातलंच रक्त जोरात वाहतं, दंडातलंही. तो प्रवाह रोज अस्तराला घासत राहिला, की हा वायू बनवणाऱ्या प्रथिनाचं जनुक जास्त वाचलं जातं आणि ते प्रथिन वाढतं. जिथं प्रवाह अडखळतो, धमनीच्या वळणावर आणि फाट्यावर, तिथंच चरबीचे थर आधी धरतात. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कॅनॉलच्या वळणावर गाळ कसा बसतो, गवत कसं माजतं, ते मी लहानपणापासून बघतोय.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला प्रयोग मात्र मी तिला दोनदा सांगायला लावला. तिथं 23 तरुण-तरुणींनी 3 महिने फक्त एका पायानं सायकल मारली. नंतर दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले, तर सायकल मारलेल्या पायात जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. माणूस एकच, आईबाप तेच, फरक फक्त पायाचा!

जूनमध्ये पेरण्यांच्या गर्दीत तीन आठवडे चालणं बुडालं आणि उतरलेला दाब परत चढला. व्यायाम थांबला की अस्तराची ही कमाई ओसरते, हे पुतणीनं बजावलं होतं. आता दुकान अर्धा तास उशिरा उघडतो.

पुतणीनं आणखी एक प्रयोग सांगितला होता. जर्मनीत लाइपझिगला डॉक्टरांनी बायपासची वाट बघणाऱ्या रुग्णांकडून चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला होता. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या छातीतल्या धमनीचा तुकडा तपासला, तर तो वायू बनवणारं प्रथिन व्यायाम न केलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट निघालं. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला.

‘हे रुग्ण म्हणजे ह्यांच्यासारखेच ना?’

‘हो.’

‘आपण तर त्यांना खाटेवरून उठू देत नव्हतो रे.’