चौकटीची वही

दिवाळीत गावी, प्रकाशाला गेलो, तर ओट्यावर पुतणी चौकटीची वही मांडीवर घेऊन बसलेली. वाटलं, गणितं चाललीत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी गणितं कशाला सोडवेल, हे जरा उशिराच सुचलं. वाकून पाहिलं तर एकेका चौकटीत एकेक अक्षर नीट कोंबून बसवलेलं. कुठे गोल, कुठे उभी काठी, खाली एखादी कोपऱ्यात मुडपलेली रेघ.

"हे काय गं?"

"नाना, टॉपिकची तयारी करतेय."

"कुठल्या टॉपिकची?"

ती हसली. हा विनोद तिच्या बापानेही केला होता म्हणे. टॉपिक हे परीक्षेचंच नाव. कोरियन भाषा किती येते हे तपासणारी दक्षिण कोरियाच्या सरकारची परीक्षा, १९९७ पासून चालू असलेली. पहिली पायरी तिने ओलांडली होती. आता दुसरीची तयारी होती आणि तिच्यात निबंध असतो. तो असाच चौकटींच्या कागदावर लिहायचा. एका चौकटीत एक अक्षर, दोन शब्दांमध्ये एक चौकट रिकामी, पूर्णविरामालाही स्वतःची चौकट. शेवटचा निबंध सहाशे ते सातशे चौकटींचा. त्याच्या आधी आलेखावरचा परिच्छेद आणि दोन गाळलेल्या जागा, आणि या सगळ्याला मिळून पन्नास मिनिटं.

त्याच ओट्यावर, १९७९ साली, मी 'प्रबोध'ची तयारी केली होती.

ज्यांना हे नाव आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याच्या महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या परीक्षा गावोगावच्या शाळांतून होत. सभा १९३७ ची. प्रबोध, प्रवीण, पंडित अशा चढत्या पायऱ्या. शाळा सुटल्यावर हिंदीचे गुरुजी आम्हाला थांबवून घेत आणि संध्याकाळी चिमणीच्या उजेडात गाइड वाचायचं. गाइड एकच, वाचणारे पाच. ते घरोघर फिरायचं, म्हणून निबंधाची पानं ज्याची त्याने हाताने उतरवून घ्यायची. माझ्या अक्षरात उतरवलेला 'विज्ञान : वरदान या अभिशाप' आमच्या आळीत निदान तीन वर्षं चालला असेल. विज्ञान हा वर आहे की शाप, हे कळायला आमच्या घरी तेव्हा विजेचा दिवाही नव्हता.

पण खरी गंमत वेगळीच होती. आम्हाला हिंदी ही परकी भाषा वाटत होती, आणि त्याच्या आधी मराठीही परकीच होती. घरात अहिराणी. शेजारच्या आळीत गुजर, त्यांची बोली निराळी. बाजाराला सातपुड्यातून उतरणारी माणसं भिली आणि पावरी बोलणारी. व्यापारी गुजरातीत हिशेब करणारा. यांतली एकही भाषा पुस्तकात नव्हती. पहिलीत गुरुजींनी फळ्यावर डोळा काढून 'हे काय?' विचारलं आणि मी 'डोया' म्हणालो. फूटपट्टी बसली. डोया, काया, शाया: आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, त्याला मी काय करणार? थोडक्यात, प्रकाशाच्या पोराला पहिलीपासून प्रत्येक परीक्षा परक्या भाषेचीच होती. आम्ही ती देतच मोठे झालो, फक्त तिला कुणी तसं म्हणत नव्हतं.

आता या पोरीचं पाहा. तिला कुणी थांबवून घेत नाही. शिकवणारी बाई यूट्यूबवर सोलमधून बोलते. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ध्वनिफितींसकट. शब्दकोश फोनमध्ये, उच्चार फोनमध्ये, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. गाइडसाठी पाच घरं हिंडण्याची गरज उरली नाही. म्हणजे गाइडच्या निमित्ताने पाच घरी मिळणारा चहाही गेला, हे आपलं माझं म्हातारपणाचं दुःख.

तिला हे वेड कसं लागलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता. गाण्यांनी. सात पोरांचा तो बीटीएस नावाचा चमू आणि मग एकामागून एक मालिका. भावाला वाटायचं, पोरगी वाया चालली. मला तसं वाटलं नाही, कारण माझं हिंदीही गाइडमधून आलेलं नव्हतं. ते बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवरून यायचं. बिनाका गीतमाला. अमीन सयानींचा आवाज लागला की आख्खी आळी गप्प. रेडिओ एकच, सोनाराच्या घरी. बाहेर ओळीने खाटा. परीक्षेत मी 'मेरा आवाज' लिहून गुण घालवले, कारण मराठीत आवाज तो आणि हिंदीत आवाज ती. दर बुधवारी ज्याचा आवाज ऐकत होतो त्यानेच मला दगा दिला म्हणायचा. पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "कोरियनमध्ये लिंगच नाही, नाना. तो, ती, ते, काही भानगड नाही."

मी म्हटलं, मग सोपी आहे.

"सोपी? त्यांच्याकडे मान आहे."

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा खाली बसलो. कोरियनमध्ये समोरचा वयाने कोण, हे आधी ठरवावं लागतं आणि मग क्रियापद बोलता येतं. मैत्रिणीला एक शेवट, दुकानदाराला दुसरा, सभेत तिसरा. आजीने जेवावं यासाठी 'खाणे' हे क्रियापदसुद्धा बदलतं. जेवणालाच वेगळा शब्द येतो, 'जिंजी'. भाऊ म्हणायचा तर बोलणारी मुलगी आहे की मुलगा त्यावर शब्द निराळा. आपल्याकडे नाना, आबा, बापू, दादा, आप्पा यांची जी उतरंड आहे ना, तिला त्यांनी व्याकरणात बसवून टाकलंय.

आप्पावरून आठवलं. आई आतल्या खोलीत पडून असते, नव्वदीला टेकलीय, कान मात्र खणखणीत. पोरगी ऐकण्याचा सराव करत होती. फोनमधून एक लहान मुलगी काकुळतीने 'आप्पा, आप्पा' म्हणत होती. कोरियनमध्ये बापाला आप्पा म्हणतात. आईने आतून विचारलं, "त्या आप्पाले काय व्हयनं व?"

त्या दिवसापासून आईने कोरियनला आपलीच एक बोली मानलंय.

ऐकणं, ही त्या परीक्षेतली गोष्ट मला सर्वांत जास्त टोचली. पहिल्या टॉपिकला सत्तर प्रश्न आणि दोनशे गुण. त्यातले तीस प्रश्न नुसत्या कानाचे, चाळीस मिनिटांचे. संवाद दोनदा वाजतो, मग पुढचा. उरलेले चाळीस वाचनाचे, तासाभराचे. ऐंशी गुण मिळाले तर पहिली पातळी, एकशे चाळीसला दुसरी. म्हणजे ज्याला ऐकू येऊन कळत नाही, त्याला पुढे जागा नाही. मी दिलेल्या परीक्षांत कानाला कुणी विचारलंच नाही. पत्रलेखन, सारांश, मुहावरे, वाक्यप्रयोग. मी प्रबोध पहिल्या वर्गात पास झालो आणि त्याच सुट्टीत मामाबरोबर सुरतला गेलो. स्टेशनवर हमालाशी हिंदीत बोलून दाखवायचं म्हणून तोंड उघडलं, तर बाहेर आली ती अहिराणी. हमाल थांबला, ओझं खाली ठेवलं आणि म्हणाला, "कथा जानं शे भाऊ?" उधना, लिंबायत भागात निम्मा खानदेश राहतो, हे मला तेव्हा कुठे माहीत! पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र खिशात तसंच राहिलं.

परीक्षा द्यायला आम्ही एसटीने शहाद्याला जायचो. आईने पहाटे उठून दशम्या केलेल्या, सोबत ठेचा. गोमाई ओलांडली की पोटात गोळा. पुतणी तिच्या परीक्षेला दिल्लीला गेली, बापाला घेऊन. प्रकाशाहून तापीचा पूल ओलांडून नंदुरबार, नंदुरबारहून गाडीने सुरत, सुरतेहून दिल्ली. डब्यात काय होतं? दशम्या. ठेचा. भाऊ सांगत होता, केंद्राबाहेर झाडाखाली बसून त्याने आणि मणिपूरहून आलेल्या एका बापाने मिळून त्या संपवल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघांच्या मुली आत तिसऱ्या भाषेचे प्रश्न सोडवत होत्या.

आत पेनसुद्धा त्यांनीच दिलं. एका टोकाला जाड, गोल रंगवायला. दुसऱ्या टोकाला बारीक, लिहायला. ते तिने जपून ठेवलंय. मला दाखवलं तेव्हा मी माझं १९७९ चं शाईचं पेन आठवायला लागलो. त्याला दोन टोकं नव्हती, पण गळायला मात्र ते दोन्हीकडून गळायचं.

तिचे तीन प्रश्न गेले ते घड्याळाचे. कोरियनमध्ये आकडे दोन प्रकारचे, एक देशी आणि एक चिनी वळणाचे. आणि वेळ सांगताना तास देशी आकड्याने सांगायचा, मिनिटं चिनी आकड्याने. साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप बुन'. 'से'तला तीन वेगळा आणि 'साम्शिप'मधल्या तिसातला तीन वेगळा. ऐकता ऐकता तिचा एक तीन दुसऱ्या तिनावर आदळला. ती हे सांगून कुरकुरत होती तर मी म्हटलं, बाई, आपण कुठल्या तोंडाने बोलतोय? दीड, अडीच, पावणेदोन, सव्वाचार, औटकी एखाद्या कोरियन माणसाला शिकवून बघ. तो पाऊण वाजताच विमानतळ गाठेल.

लिपी मात्र त्यांनी पोरांवर दया करून केलेली दिसते. सेजोंग नावाच्या राजाने १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांना दिली, कारण चिनी अक्षरं सामान्य माणसाला शिकता येत नव्हती. आज चौदा मूळ व्यंजनं, दहा मूळ स्वर. आपल्यासारखीच ती एकमेकांना जोडायची, फक्त ओळीत नाही तर चौकटीत रचायची. र आणि ल एकाच अक्षराने भागवतात. 'ळ'चा 'य' करणाऱ्या माणसाला हे वाचून केवढा धीर येतो! पुतणीने आणखी एक सांगितलं ते माझ्या जिवाला लागलं. मराठीत 'घर'चं 'घरात' होताना 'रा' होतो, शब्द वाकतो. कोरियनमध्ये शब्द वाकत नाही, मागे प्रत्यय चिकटतो एवढंच. अहिराणीत आपण काय म्हणतो? घरमा. गावमा. शब्द सरळ उभा. तिला कोरियनचे प्रत्यय मराठीतून जमेनात, ते अहिराणीतून जमले. पुण्याच्या तिच्या ऑनलाइन वर्गातल्या मुलींना ही सोय नाही, असं ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

हे शिकून पुढे काय, हा प्रश्न आमच्या वेळीही होताच. तेव्हा उत्तर होतं हिंदीशिक्षक, किंवा टायपिंगच्या परीक्षा देऊन कचेरीत. आता उत्तर रांजणगाव, तळेगाव. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जुना मोटारींचा कारखाना ह्युंदाईने घेतलाय. तिथे दुभाषे लागतात. नेपाळात तर हजारो पोरं वेगळी कोरियन परीक्षा देऊन तिकडे कामगार म्हणून जातात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आलंय. आमच्या शहादा तालुक्यात शिकवायला कोण येणार, ते त्यात नाही. पुतणीला कारखान्यात रस नाही. तिला तिथल्या विद्यापीठात शिकायचंय, शिष्यवृत्तीवर.

तिचं पहिल्या परीक्षेचं प्रमाणपत्र फोनमध्येच आहे. दुसरी पातळी. मी म्हटलं, चौकट करून लाव की भिंतीवर. ती म्हणाली, "दोन वर्षांत संपतं ते, नाना. मग परत परीक्षा." माझं प्रबोधचं प्रमाणपत्र त्याच भिंतीवर पंचेचाळीस वर्षं आहे. कोपरा वाळवीने खाल्लाय, पण कुणी मला परत बोलावलेलं नाही. यात चांगलं कुठलं, मला ठरवता येईना. माझ्या हिंदीची आज परीक्षा घेतली तर मी 'मेरा आवाज'च लिहीन.

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. केदारेश्वराच्या पायऱ्या त्याच आहेत, नदी ती नाही. आमच्या वेळी दिवाळीनंतर तापी आटत जायची आणि वाळूत टरबुजाच्या वाड्या लागायच्या. पाठांतराला मी त्या वाळूत फेऱ्या मारायचो. आता बंधाऱ्याने पाणी तुंबून राहतं, काठोकाठ, आणि पाठांतर करणारा पायरीवर बसतो. तिने वही उघडली. निबंधाचा सराव होता, आपल्या गावाबद्दल. संगमाला शब्द काय, म्हणून ती फोनमध्ये शोधत होती. सापडला तेव्हा ओरडलीच. सोलजवळ हान नदीचे दोन प्रवाह मिळतात त्या जागेचं नावच तसं आहे, 'दुमुल्मोरी'. दु म्हणजे दोन, मुल म्हणजे पाणी, मोरी म्हणजे डोकं. समोर गोमाई तापीत शिरत होती. दुमुल्मोरी. चार चौकटी.

मग तिने गावाचं नाव लिहिलं. मी मोजलं, प्र-का-शा, तीन चौकटी हव्यात. तिने चार भरल्या.

"एक जास्त झाली."

"त्यांच्याकडे 'प्र' जोडता येत नाही, नाना. फोडून लिहावं लागतं."

घरी आल्यावर तिने आजीला वही दाखवली. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्म्याने वाचता येत नाही. तिने चौकटींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, काय लिखेल शे?

"गावनं नाव."

"परकासा," आई म्हणाली. एकेका अक्षराला एकेक चौकट. प, र, का, सा. बोट बरोबर चौथ्या चौकटीवर येऊन थांबलं.