अकरा माणसं, चार केबिन, एक बोळ

घरात माणसं जास्त असतील आणि क्रूझला जायचं ठरलं असेल, तर सगळ्यात आधी जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मागून घ्या. दर नंतर विचारा, फोटो त्याहून नंतर बघा. ह्या नकाशानं आमच्या घराला अक्षरशः वेड लावलं! भालचंद्र गणपतीचं लिंबागणेश हे आमचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण बीडहून तो नकाशा छापून आणला आणि जेवणं उरकली की सगळं घर त्यावर ओणवं. आप्पा चष्मा लावून केबिनचे नंबर वाचायचे आणि पोरं बोट फिरवत ते हुडकायची.

जहाज होतं कॉर्डेलिया ह्या क्रूझ कंपनीचं, नाव एम्प्रेस. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, अकरा मजल्यांचं, आठशेच्या आसपास केबिन असलेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या मुंबईहून फेऱ्या सुरू झाल्या. आम्ही अकरा जण: आई-आप्पा, दादा-वहिनी नि त्यांचा मुलगा, ताई नि तिची मुलगी, आणि आम्ही दोघं, आमचा मुलगा नि मुलगी.

आता हिशेब ऐका, कारण सगळी गंमत तिथंच आहे. भाडं खोलीवर नसतं, माणसावर असतं. पहिल्या दोघांना पुरा दर, त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला बहुधा कमी. म्हणजे चार, चार, तीन अशा तीन केबिन स्वस्त पडतात. दादाचा कल तिकडंच होता. पण आतली केबिन जेमतेम सव्वाशे चौरस फुटांची. तिच्यात चार माणसं, चार बॅगा आणि बाथरूम एक! वहिनी म्हणाल्या, "पैसे वाचतील, पण रोजची सकाळ आंघोळीच्या रांगेत जाईल." तिथंच निकाल लागला. चार केबिन घेतल्या.

आणि मग सापडली ती युक्ती! जहाजाच्या बोळात एका अंगाला समुद्राकडच्या खिडकीच्या केबिन असतात, आणि समोरच्या अंगाला बिनखिडकीच्या, स्वस्तातल्या. खिडकीची एकच घ्यायची, आई-आप्पांसाठी. तिच्या समोर ओळीनं तीन आतल्या. एका खोलीत दादा-वहिनी नि मुलगा, दुसरीत आम्ही दोघं नि मुलगा, तिसरीत ताई नि दोघी मुली. प्रत्येक आतल्या खोलीत भिंतीतून खाली येणारा वरचा बर्थ एक, त्यावर एक पोर. किती चपखल! दिवसभर आई-आप्पांची खोली म्हणजे आमची ओसरी झाली. खिडकीपाशी आप्पा, पलंगावर मांडी घालून आई, आणि बाकीच्यांची समोरून सारखी ये-जा.

जागाही नकाशावरच ठरते. जहाज डोलतं तेव्हा पुढची-मागची टोकं जास्त वर-खाली होतात; मधोमध आणि खालच्या मजल्यावर ते कमी जाणवतं. आईला एस.टी.सुद्धा लागते, म्हणून मधली जागा. लिफ्ट चार पावलांवर असावी, पण दारासमोर नको. वर-खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा: डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली नाचगाण्याचा हॉल आला की झोपेचं खोबरं. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, तोही चांगला उंच. आप्पांच्या गुडघ्यांसाठी हे आधी विचारलं, ते फार बरं झालं.

लगतच्या खोल्या घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. संकटात कुठं जमायचं, ते ठिकाण केबिनप्रमाणे ठरतं. खोल्या जहाजभर विखुरल्या तर पोरं एकीकडं नि आई-बाप दुसरीकडं! १९१२ साली टायटॅनिक बुडालं, १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि सगळ्यांना पुरतील इतक्या जीवनरक्षक होड्यांचा आग्रह तेव्हापासूनचा. म्हणूनच कधी कधी खोली रिकामी दिसते, तरी तिच्यात तिसरा-चौथा माणूस घेत नाहीत: त्या भागातल्या होड्यांमधल्या जागा भरलेल्या असतात.

आणि खोलीच्या भिंती लोखंडी! ताईनं घरून चुंबकाचे हुक आणले होते. ते भिंतीला खटकन बसले, आणि ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं वर टांगलं गेलं. पायाखालची जमीन मोकळी. पोरांना तर शिडी चढून वरच्या बर्थवर जाण्यापुढं समुद्राचंही अप्रूप उरलं नाही.

कोकणातली माणसं पूर्वी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं निघत, तेव्हा आख्खं कुटुंब डेकवर अंथरूण पसरून बसायचं, असं ऐकलंय. आता जगात केबिनचंच घर करतात. एमएससी ह्या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर दोन-तीन केबिन आतल्या दारांनी जोडून दहा जणांपर्यंत सोय होते. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या आयकॉन ऑफ द सीज ह्या जहाजावर तर तीन मजली कौटुंबिक घर आहे, आत घसरगुंडीसकट!

तुम्ही जाणार असाल तर लवकर बुकिंग करा, कारण तिघा-चौघांच्या आणि आतून जोडलेल्या केबिन मोजक्याच असतात. थोड्या कमी दरात "केबिन आम्ही देऊ ती" असाही एक प्रकार मिळतो. एकट्या-दुकट्यानं खुशाल घ्यावा. मोठ्या घरानं मात्र चारही केबिनचे नंबर हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत.