काचेतली पाल : काही टिपणे

रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या पोराने पुण्याहून लेपर्ड गेको आणली. घरमालकीण आजी काचेत डोकावल्या. "आरं, पैसं दिऊन पाल आणली व्हय?" प्रश्न रास्त होता. भिंतीवर दोन फुकट होत्याच.

•

पण ही भिंतीवर चढत नाही. बोटांना चिकटणाऱ्या पट्ट्याच नाहीत. डोळ्यांना पापण्या मात्र आहेत. घरच्या पालीला त्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा. रांजणगावची हवा तिला परकी नाही, पत्र्याची खोली परकी आहे.

•

नीट सांभाळली तर 15-20 वर्षे जगते. दहाच्या पुढे म्हातारी समजायची.

•

अंगातली ऊब तिला बाहेरून घ्यावी लागते. पेटीच्या एका टोकाला साधारण 32 अंश, दुसऱ्या टोकाला 25 हवेत. डिसेंबरच्या रात्री वीज गेली, हीटिंग मॅट गार पडली, की पोटातला किडा पचत नाही, कुजतो. मे महिन्यात उलटे होते. पत्र्याखाली पेटी तापते आणि पळायला गार कोपरा नसतो. तरुण पाल एखाद वेळी निभावते, म्हातारी नाही.

•

तिला कशाकशाचा ताण येतो: खोली बदलताना टेम्पोतले धक्के, काचेवर टकटक, नाइट शिफ्टवाल्याची दिवसाउजेडी उघडझाप, लपायला आडोसा नसणे, एकाच पेटीत दुसरी पाल. अंगात कॉर्टिकोस्टेरॉन वाढते. तासाभरासाठी ते उपयोगी, पळायला बळ देते. आठवडेच्या आठवडे चढे राहिले तर भूक मरते, प्रतिकारशक्ती खचते आणि आतड्यात दबून असलेले परजीवी जोर धरतात.

•

जाड शेपटी म्हणजे तिची मुदत ठेव, बरीचशी चरबी तिथे. घाबरली की शेपूटच टाकते. नवी येते, बोथट आणि गुळगुळीत. पण ती उगवायला अंगातलेच खर्चावे लागते. उतारवयात तो खर्च जड जातो.

•

"काल तर दोन रातकिडे खाल्ले तिनं!" पाल गेली की असेच ऐकू येते. अशक्त दिसला तो खाल्ला गेला, हा रानातला हिशेब. म्हणून दुखणे ती शेवटपर्यंत दडवते. एका रात्रीत आलेले वाटणारे मरण बहुधा महिनोन्‌महिने चालत आलेले असते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. घसरण डोळ्यांआधी काट्याला कळते.

•

गारठलेली पाल मेल्यासारखीच दिसते. पुरण्याची घाई नको, आधी हळूहळू ऊब देऊन पाहावे.

•

खरेच गेली असेल आणि कारण हवे असेल, तर पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाने पेशी फाटतात. पशुवैद्याच्या चिरफाडीत कधी मूत्रपिंडे निकामी झालेली सापडतात, कधी सांध्यांत युरिक अ‍ॅसिड, तर कधी अडकलेली अंडी. मादीला नराविनाही अंडी धरतात, हे पाळणाऱ्याला अनेकदा तेव्हाच कळते.