धाव संपली की ओळ संपते

परभणी जिल्ह्यात खाण म्हणाल तर काळ्या दगडाची. त्याच दगडाचं जातं झालं, आणि जात्यावर ओवी. लोक ओवीला शेतीचं गाणं म्हणतात. मला ती आधी दगडाचं गाणं वाटते.

*

आजी आणि चुलती समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोन हात. आजी ओळ टाकायची, चुलती उचलायची. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात पडली की पाळू जड व्हायची, सूर थोडा दबायचा, मग पुन्हा मोकळा. ते दबणंही ओवीतलंच. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यायची. पहिलं दळण कचकचीचं, ते जनावरांपुढं जायचं. त्या दिवशी जात्याची घरघर वाढलेली असायची आणि दोघींचा गळाही चढा लागायचा.

*

गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. त्या पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळायला बसल्या की विठ्ठल दळू लागे, असं परंपरा सांगते. देवाला गाभाऱ्यातून उठवून खुंट्याला हात लावायला लावणारी बाई आमच्या जिल्ह्यातली, याचा मला फार अभिमान आहे.

*

मोटेचं गाणं. बैल धावेवरून उतारानं निघाले की मोटकरी नाड्यावर बसायचा आणि सूर लांबवायचा. मोट वर आली, पाणी थारोळ्यात धबकन पडलं की ओळ संपली. बैल मागं सरताना नुसती हाक, चुचकारणं. विहीर खोल तर धाव लांब, धाव लांब तर ओळ लांब. विहिरीच्या खोलीनं गाण्याचं माप ठरत होतं.

पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८चं, पैठणचं जायकवाडी १९७६चं. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या रानापर्यंत आला, विहिरीवर इंजिन आलं, मग मोटर. पाणी आलं ते चांगलंच झालं. नाडा ओढून बैलांच्या मानेला आलेली सूज मी पाहिलेली आहे. पण गाण्याचं माप गेलं.

*

परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळ दूरदूर नेला. गोंधळाला रंगमंच मानवतो, कारण त्याच्यासमोर पहिल्यापासून माणसं बसलेली असतात. कापणी करताना म्हणायच्या भलरीला श्रोता नसतो. पात धरलेले सगळेच गाणारे. पुढचा दमला की मागचा सूर धरतो, वाकलेली कंबर तेवढी विसरायला होते. ती माइकवर म्हटली की कशी उघडी पडते! ताल ठीक असतो, पण दम लागलेला नसतो.

*

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. हे ऋण मोठं आहे. तसं काम भलरीचं व्हायला हवं, आणि ते रानात, विळ्याच्या आवाजासकट. घाई करायला हवी. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, काढणीला यंत्र येतं. इथल्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह-जस्त वाढवलेलं ज्वारीचं वाण दिलं. वाण जपायला विद्यापीठ आहे. भलरी जपायला कोण?

*

परवा चुलतीला ओवी म्हणायला सांगितलं. आठवेना. बराच वेळ गप्प बसली. मग उजवी मूठ फरशीवर टेकवून गोल फिरवू लागली. दुसऱ्या फेऱ्याला ओळ आली.