नजरबंदी, करणी आणि भानामती

परतूरसारख्या मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावी जादूचे प्रकार लोक पूर्वापार वेगवेगळे ओळखत आले. गारुड्याचा खेळ ती नजरबंदी. दुष्टाव्याने केलेली करणी. दुरून मंत्राने मारलेली मूठ. आणि घरावर दगड पडू लागले, दांडीवरचे कपडे पेटले, की भानामती. पहिलीला टाळ्या मिळतात, बाकीच्यांचा धसका घेतला जातो.

नजरबंदी जुनीच. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीने आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत आहे. खरा मायावी तेव्हा जमिनीवरच असतो. दोरीचा असाच खेळ 1890 मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने प्रत्यक्ष पाहिलेला म्हणून छापला आणि काही महिन्यांनी तो बनाव असल्याची कबुली दिली. दोर मात्र जगभर ताठ उभा राहिला तो राहिलाच!

वाटी-गोळ्यांच्या खेळात कसब मंत्रात नसते. गोळी बोटांच्या बेचक्यात दाबलेली असते, दुसरा हात वाटी उचलतो आणि खेळ करणारा स्वतः वाटीकडेच पाहतो. तो पाहतो तिकडे गर्दी पाहते. डमरू, बडबड, मधूनच पोराला दटावणे, सगळे त्या अर्ध्या क्षणासाठी.

भानामतीतही हात असतोच, फक्त तो समोर येत नाही. अंगावरच्या काळ्या फुल्या ही तिची ठरलेली खूण. बिब्ब्याचे तेल काडीने कातडीला लागले, की डाग पडतो, पुढे आग होते, फोड येतात. तोवर लावणारा केव्हाच चार माणसांत मिसळलेला असतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले तरी जाळ लगेच होत नाही, थोड्या वेळाने होतो. हा मधला उशीरच मांत्रिकाचे भांडवल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असे प्रयोग गावोगाव करून दाखवतात. त्यांच्या अनुभवात भानामतीमागे अनेकदा घरातलेच कोणी पिचलेले माणूस निघते. त्याला चारचौघांत उघडे पाडण्यापेक्षा उपचार आणि आधार देणे शहाणपणाचे.

याच अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणे, कुणावर करणीचा आळ घेऊन छळणे हे आता गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे कैद, आणि दंड 5 हजार ते 50 हजार रुपये.