तीन बोटांचे माप

अक्कलदाढ काढायला मी जबड्याच्या शल्यविशारदांकडे गेलो. "तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घाला पाहू," ते म्हणाले. सहज गेली. माझे तोंड मोठे आहे, हे सौ.चे मत तेथे सिद्ध झाले! माझ्या आधीच्या विशीतल्या मुलाचे मात्र एक बोटही धड जाईना. गुटख्याने गालांचे आतले अस्तर ताठरले होते.

"शस्त्रक्रियेने तोंड थोडे उघडते, पण अस्तर पूर्वीसारखे होत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून आम्हांला सरकारदारीही जावे लागते."

२००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. राज्याला तो अधिकार नाही, म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. शल्यविशारद पुन्हा मंत्र्यांपुढे उभे राहिले, तेही रुग्णांना बरोबर घेऊन. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे बंदी परत आली. पुडी मात्र चोरून अजून मिळतेच.

घरी येताच मी धाकट्या चिरंजीवांना म्हटले, "तीन बोटे तोंडात घाल पाहू."

सौ. हसली. तो हसला नाही.