आवाजाचं पदनाम

आम्हा सरकारी कारकुनांना पदनामाचं महत्त्व कोणी सांगायला नको. एलडीसी म्हटलं की पगार, काम आणि हाताखाली कोणाच्या, सगळं कळतं. पण ज्याचं भांडवल फक्त आवाज, त्याने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? माझी फोंड्याची भाची जाहिरातींना, माहितीपटांना आवाज देते. कार्ड छापायचं म्हणून विचारायला आली. "मामा, तू मराठी घेऊन बीए केलंस, तूच सांग."

निवेदिका? शब्द गोड आहे, पण तो वाचून लोक तिला लग्नाच्या रिसेप्शनला माइक धरायला बोलावणार. (आणि आमच्या कचेरीत निवेदन म्हणजे मागण्यांचा कागद!) उद्घोषक हा शब्द आकाशवाणीचा. पणजी केंद्र ऐकत वाढलेल्या मला तो जवळचा, पण बाहेरच्याने तो लावू नये. डबिंग तर वेगळंच काम. पडद्यावरच्या नटाचे ओठ हलतील तेवढ्याच वेळात वाक्य बसवायचं, अभिनयासकट. व्हॉइस-ओव्हरमध्ये असे ओठ सांभाळायचे नसतात. चित्रं सरकतात आणि त्यांच्यावरून आवाज जातो. पार्श्वगायक मराठीत रुळला, मग पार्श्वनिवेदक का नाही? मला आवडतो बुवा. पण जाहिरातवाल्याला कळला नाही तर फोन कसा येणार?

तिचा ओढा 'व्हॉइस आर्टिस्ट'कडे. कलाकार म्हटलं की मान मिळतो, हे खरं. पण त्यात मिमिक्री, कार्टून, सगळंच आलं. तिला काम देणारे 'व्हॉइस-ओव्हर'लाच माणूस शोधतात, दरही त्याच शब्दाने विचारतात.

नावाचा घोळ महागात पडतो तो बिलावर. ती लिहायची, "आवाज दिल्याबद्दल". एका निर्मात्याने तेच रेकॉर्डिंग परस्पर दुसऱ्या जाहिरातीला लावलं. पैसे मागितले तर म्हणाला, "आवाज दिलाच होता ना तुम्ही?" दिला म्हणजे कायमचा दिला! बिचारीला उत्तर सुचेना.

गोव्यात आणखी एक गोष्ट, भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीचीही सोय राहिली. आपल्याकडे एकच जाहिरात दोन्ही भाषांत लागू शकते, आणि दोन्ही नीट बोलणारा आवाज सहज मिळत नाही. म्हणून मी पदनामापेक्षा भाषा मोठ्या अक्षरांत घ्यायला लावल्या.

कार्ड छापून आलं: 'व्हॉइस-ओव्हर. मराठी, कोकणी.' बिलावर आता "अमुक जाहिरातीसाठी, एक वर्षाचा वापर" असं असतं. त्या निर्मात्याकडचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत.